आकडा त्याला कळला कुठून?

खंडणीच्या मेसेजमधला बिटकॉइनचा आकडा दशांशचिन्हानंतरच्या आठही स्थळांपर्यंत अचूक वाटत होता. ‘एवढे तुझ्याकडे आहेत, निम्मे पाठव,’ आणि तेही मोनेरोमध्ये, म्हणजे व्यवहार लपवणाऱ्या दुसऱ्या एका क्रिप्टो चलनात. तक्रारदार म्हणजे परदेशातल्या आणि इथल्या ग्राहकांसाठी डिझाइनचं काम करणारी मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) कुणीतरी तिला फोन फॉरमॅट करून टाकायला सांगितलं होतं. तिनं केला नाही हे फार बरं झालं. हा सल्ला देणं आता थांबायलाच हवं, पुरावा त्यातच जातो.

क्रिप्टो व्यवहारांचा माग काढून पोलिसांना अहवाल देणं हे माझं काम. फोन स्वच्छ निघाला. मग वॉलेट उघडलं, तर शिल्लक मेसेजमधल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त. फोनमध्ये शिरलेल्याला सगळी शिल्लक दिसली असती. याला एकच तुकडा दिसत होता. म्हणजे हा माणूस बाहेरून, ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या कुणालाही खुल्या असलेल्या वहीत बघत होता.

मुलगी निष्काळजी अजिबात नव्हती. प्रत्येक ग्राहकाला बिटकॉइन पाठवायला नवा अ‍ॅड्रेस (खाते क्रमांकासारखा) द्यायची. घात झाला तो खर्च करताना. बिटकॉइनमध्ये आलेली प्रत्येक रक्कम नोटेसारखी वेगळी राहते. एक नोट पुरली नाही की वॉलेट आपणहून दोन-तीन नोटा एकत्र करून देतं आणि सुटे नव्या अ‍ॅड्रेसवर परत घेतं. फ्लॅटच्या टोकनसाठी तिनं थोडे बिटकॉइन विकायला एक्स्चेंजवर पाठवले, तेव्हा तीन ग्राहकांच्या नोटा एकाच व्यवहारात गेल्या. तिन्ही अ‍ॅड्रेसची मालकीण एकच, हे तिथं उघड झालं. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतोच्या २००८च्या मूळ निबंधातच हा धोका लिहिलेला आहे, तरी वॉलेट बनवणारे नोटा निवडायची सोय सेटिंगच्या तळाशी दडवून ठेवतात. याचा मला खरोखर राग येतो.

सुटे कोणते तेही ओळखता येतं. व्यवहारातून दोन रकमा बाहेर पडल्या. एक थोड्याच वेळात एक्स्चेंजच्या मोठ्या साठ्यात गेली. दुसरी आत घातलेल्या सर्वांत लहान नोटेपेक्षाही लहान होती आणि अजून जागची हललेली नाही. मेसेजमधला आकडा शेवटच्या सातोशीपर्यंत (बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग) या दुसऱ्या रकमेशी जुळला. ब्लॉकचेन कुणीही बघेल, पण त्यातला एखादा अ‍ॅड्रेस तिचा आहे हे ठाऊक असणारे मुख्यतः ते तीन ग्राहकच. त्यांतला एक इथलाच.

आणि हा स्वतः मोनेरो मागतो. तिथं पाठवलेली खरी नोंद सोळा नोंदींच्या घोळक्यात लपते, रक्कम झाकलेली असते, घेणाऱ्याचा खरा अ‍ॅड्रेस साखळीवर (ब्लॉकचेनवर) येतच नाही. तिनं पैसे दिले असते तर साखळीवरून मला त्याच्यापर्यंत पोचता आलं नसतं. आमच्या धंद्यातले बरेचजण ‘ज्याला खासगीपणा हवा तो चोर’ असं धरून चालतात. मला ते कधीच पटलेलं नाही. इथं खासगीपणाची गरज होती ती कर भरणाऱ्या, तक्रार घेऊन आलेल्या बाईला.

मी अडकलोय ते अहवालात. त्याला तुकडाच दिसत होता हे सिद्ध करायचं तर उरलेले अ‍ॅड्रेसही दाखवायला हवेत. ते तिच्या नावासकट कागदावर आले की दोषारोपपत्राबरोबर त्यांची प्रत आरोपीला मिळते. तिनंच विचारलं, “सर, हा कागद त्यालाही देणार?” मी हो म्हणालो. “मग त्याला जे माहीत नव्हतं, तेही कळेल की.”

उरलेल्या अ‍ॅड्रेसची पुरवणी वेगळी करून सीलबंद द्यावी, असं मी पीएसआय साहेबांना सुचवलंय. कोर्ट मानेल का, ते वरिष्ठांना आणि सरकारी वकिलांना विचारून सांगतो म्हणाले. तोवर ते सुटे बाकीच्या रकमांत अजिबात मिसळू नकोस, असं तिला बजावलंय. मिसळले की त्याला आजच सगळं दिसेल.