रोल संपेपर्यंतचे दिवस

विदर्भाचे छायाचित्र म्हटले की भेगाळलेली जमीन, कपाळावर हात आडवा धरून आभाळाकडे पाहणारा शेतकरी किंवा ताडोब्याचा वाघ, यांपलीकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. ही छायाचित्रे खोटी नाहीत. पण ती बातमीच्या दिवशी काढलेली असतात, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात वर्षाचे बहुतेक दिवस बातमीचे नसतात. त्या दिवसांत बैलाची वेसण बदलली जाते, गिरणीवर दळणाचा नंबर लागतो, ओलिताची वीज रात्रीच्या पाळीत गेली म्हणून चडफड होते. मी फिल्मवर जी छायाचित्रे काढतो ती या दिवसांची रोजनिशी आहे. मोबाइल हाताशी असताना हा खर्चिक खटाटोप कशासाठी, असे अनेक जण विचारतात, म्हणून हे लिहितो आहे.

पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलवर 36 चौकटी असतात. पोळ्याला कॅमेऱ्यात चढवलेला रोल माझ्या हाती दिवाळीच्या आसपास संपतो. धुतलेली निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली की ते दिवस ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने समोर येतात: तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढणारी पोरे, त्यांना लागून पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला चुलतभाऊ, मग शेजारच्या आजोबांच्या तेरवीची पंगत आणि लगेच पुढच्या चौकटीत डांबरी रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन. यातले काही पुसता येत नाही, मागेपुढे सरकवता येत नाही. मोबाइलमध्ये आपण संध्याकाळी बसून नको ते काढून टाकतो आणि उरते ते आपल्या पसंतीचे. रोजनिशीत मात्र पसंतीला फारसे स्थान नसावे, असे माझे मत आहे.

या प्रकाराला जुनी परंपरा आहे. 1894 मध्ये जन्मलेल्या फ्रान्सच्या जाक-आंरी लार्तिगने लहानपणीच हाती आलेल्या कॅमेऱ्याने घरच्या माणसांची, त्यांच्या खेळांची आणि गमतीजमतींची छायाचित्रे काढली, ती आल्बमांत लावली आणि जोडीला रोजनिशीही लिहिली. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन भरले तेव्हा जगाला त्याची खरी ओळख झाली. तोवर त्याने सत्तरी गाठत आणली होती. अर्थात ते खाऊनपिऊन सुखी घर होते. आमच्याकडे कॅमेरा यायचा तो तालुक्याच्या स्टुडिओवाल्यासोबत, लग्नात, आणि त्याच्यापुढे सगळे ताठ उभे राहायचे. आजही एका रोलची किंमत निंदणाऱ्या बाईच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीइतकी पडते, हे माझ्या मनातून जात नाही.

सर्वांत जास्त चौकटी कापसाच्या वेचणीत जातात. बाया सकाळी लवकर शेतात उतरतात, कारण दवाने पाने ओलसर असतात तोवर वेचलेल्या कापसाला पाचोळा कमी चिकटतो. कॅमेरा दिसला की त्या पदर सावरतात, हसतात, आणि मला हवे ते निसटते. संध्याकाळी धुऱ्यावर माप सुरू झाले की मात्र चित्र पालटते. किलोमागे मजुरी असल्यामुळे हुकाला गाठोडे लटकले की प्रत्येकीची नजर काट्यावर खिळते. एखादी हळूच मान तिरपी करून आकडा स्वतः वाचते, दुसरी बोटांवर हिशेब करते, आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभा आहे याची कोणाला शुद्धही नसते. पांढऱ्या कापसावरचे ऊन आणि उन्हाने रापलेले चेहरे एकाच चौकटीत धरणे अवघड. पण निगेटिव्ह फिल्मला चेहऱ्यांच्या मापाने उजेड दिला, तरी कापसाचे पोत बऱ्यापैकी टिकून राहते.

फिल्म धुण्याचे काम मी घरीच करतो आणि उन्हाळ्यात ते जिवावर येते. कृष्णधवल फिल्मच्या डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, तापमान साधारण वीस अंश असावे लागते, तर मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात पोळेल असे येते. (रंगीत फिल्मच्या डेव्हलपरला अडतीस अंश लागतात, त्या हिशेबाने आमचा उन्हाळा रंगीत छायाचित्रणाला सोयीचा म्हणायचा.) मग माठाचे पाणी, परातीत बर्फ आणि तापमापीवर डोळा, असे चालते. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे असतात आणि त्यावरून घरात अधूनमधून बोलणी बसतात.

प्रिंट ज्याचे त्याला देण्याचा माझा नेम आहे, आणि खरी परीक्षा तिथे होते. मापाच्या वेळचे काकूंचे छायाचित्र मला फार आवडले होते, त्यांनी ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, “असा काहून काढला बापा? डोक्यावर पदर नाही, तोंड उघडं.” त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. चेहरा त्यांचा आहे, तेव्हा तो कसा दिसावा यावर पहिला हक्कही त्यांचाच. तेव्हापासून ज्याला हवे असेल त्याचे एक छायाचित्र त्याच्या मनासारखे, चांगले कपडे घालून आणि खुर्चीवर बसवून काढतो, आणि न सांगता काढलेले त्याने नाही म्हटले तर कोणाला दाखवत नाही. काकूंचे खुर्चीवरचे छायाचित्र त्यांच्या देवघराशेजारी लागले आहे. मापाचे कुठे आहे, ते विचारू नका.