दगडावरचा अ

११ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवारी मी प्राथमिक शाळेत असते, बाकीचे चार दिवस माध्यमिक शाळेत. दोन्ही शाळा सायकलच्या टप्प्यात आहेत. मध्ये किनोकावा नदी, आणि या दिवसांत दोन्ही काठांवर तेंदूफळांनी लगडलेली झाडं. पानं गळून गेलीत, नुसती केशरी फळं उरलीत. वाकायामा हा जपानमधला सगळ्यात जास्त तेंदूफळं पिकवणारा प्रांत, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

मी इंग्रजीची सहायक शिक्षिका. एप्रिलपासून इथे आहे. रोज सकाळी दारात बूट काढायचे, आत घालायचे बूट चढवायचे आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना 'ओहायो गोझाइमास' म्हणून जागेवर बसायचं. मग बैठक. फळा सूचनांनी भरलेला असतो आणि मला त्यातले आकडे आणि वार तेवढे कळतात. बी.एड. झालेली मुलगी मी, आमच्या घरात वर्तमानपत्र आधी माझ्या हातात यायचं. इथे घरपेटीत चिठ्ठी पडली की ती विजेच्या बिलाची, न मिळालेल्या पार्सलची की नळाचं पाणी बंद राहणार असल्याची, हे विचारायला शेजारच्या आजींकडे जावं लागतं. त्या चष्मा लावून वाचतात आणि हातवारे करून सांगतात. अक्षर न येणाऱ्या माणसाला दिवसभर किती जणांचं तोंड बघावं लागतं, ते मला या सात महिन्यांत कळलं.

आज पहिलीच्या वर्गात तास होता. भिंतीवर त्यांचा मुळाक्षरांचा तक्ता असतो, मी तो कितीतरी वेळा पाहिलाय. मुलं रंगांची इंग्रजी नावं चिठ्ठ्यांवर चिकटवत होती आणि मी सहज तक्त्यावरून डोळे फिरवत होते. आ, इ, उ, ए, ओ. खालोखाल का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आणि एकदम अंगावर काटा आला.

अ इ उ ए ओ. क, च, त, न, प, म, य, र, व.

ही तर आपलीच मुळाक्षरं आहेत! मधली जपानीत नसलेली गाळायची, बस. कंठापासून ओठांपर्यंत जाणारा आपला क्रम, आणि शेवटी य र व. 'सा' आणि 'हा' तेवढे वेगळे दिसतात, पण 'हा'ला दोन रेघा दिल्या की 'बा' होतो आणि छोटं वर्तुळ दिलं की 'पा', म्हणजे ती जागा मुळात प-वर्गाचीच. आणि 'सा'चा जुना उच्चार आपल्या 'चमचा'तल्या च-सारखा असावा, असं मानतात.

डबा खायच्या सुट्टीत समाजशास्त्राच्या सरांना गाठलं. (मी शाकाहारी, इथल्या साध्या भाजीच्या रश्शातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, म्हणून परवानगी काढून माझा डबा घरून आणते. मुलं पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून एकमेकांना वाढतात, तेव्हा त्या रांगेत मी नसते याचं मला अजून वाईट वाटतं.) सर म्हणाले, बरोबर आहे. संस्कृत उच्चारशास्त्र शिकलेल्या बौद्ध भिक्षूंकडून हा क्रम आला, असं अभ्यासकांचं मत आहे. मग हसून म्हणाले, "सेन्सेई, तुम्ही अजून कोयासानला गेला नाहीत?" कोयासान म्हणजे बौद्ध मठांचा डोंगर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रात्रीचे साडेआठ. कोयासानवर, एका देवळाच्या यात्रेकरूंच्या खोलीत तातामीच्या चटईवर गादी घालून लिहिते आहे. पोटऱ्या दगड झाल्यात.

बहुतेक जण आगगाडीने गोकुराकुबाशीपर्यंत येतात आणि तिथून दोराच्या गाडीने वर. मी कुदोयामाला उतरले आणि जुन्या वाटेने चालत आले. जिसोन-इन देवळापासून वर कोयासानच्या मुख्य आवारापर्यंत १८० दगडी खांब आहेत, साधारण १०९ मीटरला एक. तेराव्या शतकात लाकडी खांब काढून हे उभे केले. प्रत्येकावर आकडा, दान देणाऱ्याचं नाव आणि वर एक अक्षर. १८० खांब म्हणजे मंडलातल्या १८० देवता, ज्याच्या त्याच्या बीजाक्षरासकट.

पण आधी जिसोन-इनबद्दल लिहायचंय, कारण तिथून माझा पाय लवकर निघेना. बौद्ध भिक्षू कूकाई, ज्यांना इथे कोबो दाइशी म्हणतात, ८०४ मध्ये चीनला गेले, तिथे एका भारतीय भिक्षूकडून संस्कृत शिकले, परत आले आणि ८१६ मध्ये या डोंगरावर मठ बांधायची परवानगी त्यांना मिळाली. त्यांची आई मुलाला भेटायला लांबून आली. डोंगरावर बायकांना बंदी. ती इथेच पायथ्याशी राहिली, आणि मुलगा महिन्यातून नऊदा डोंगर उतरून तिला भेटायला यायचा, असं सांगतात. कुदोयामा या नावात तोच नऊचा आकडा आहे. आजही बायका इथे बाळंतपण सुखरूप व्हावं, दूध यावं म्हणून नवस करतात, कापडाचे छोटे स्तन शिवून पाटीला लावून टांगतात. मी त्या पाट्यांसमोर बराच वेळ उभी होते. वरची बंदी सरकारने १८७२ मध्ये उठवली. एवढी शतकं बायका डोंगराच्या कडेकडेने फिरून, लांबून नमस्कार करून परत गेल्या. वर शिरायच्या सात वाटांवर त्यांच्यासाठी एकेक देऊळ होतं, त्यातलं आता एकच उरलंय. मी आज कुणालाही न विचारता वर आले. चालताना हे मनातून जात नव्हतं.

वाटेचं काय लिहू. आधी तेंदूफळांच्या बागा, खाली वळणं घेणारी नदी, मग सीडर आणि सायप्रसचं रान. सात तास लागले. खांबावरचे आकडे मला वाचता येत होते, म्हणून मी मोठ्याने मोजत गेले, एकशे एकवीस, एकशे वीस. वरचं अक्षर मात्र प्रत्येक वेळी चकवायचं. काना मोडल्यासारखा दिसायचा, कुठे मात्रा, कुठे विसर्गाची दोन टिंबं स्पष्ट, पण मधलं अक्षर हाती लागत नव्हतं. ओळखीच्या माणसाचा चेहरा दिसावा आणि नाव आठवू नये, तसं. या लिपीचं नाव सिद्धम्. आपल्या देशात ती केव्हाच मागे पडली, इथे भिक्षूंनी गिरवत ठेवली.

संध्याकाळी जेवायला बसले आणि डोळे भरून आले. देवळातलं जेवण पूर्ण शाकाहारी. रस्सा कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचा आणि शिताके मशरूमचा. तिळाचा मऊ लुसलुशीत तोफू, गोठवून वाळवलेला कोया-तोफू, भोपळ्याची तळलेली काप. सात महिन्यांत पहिल्यांदा मी ताटातल्या एकाही वाटीबद्दल 'यात काय आहे' असं विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहाटे सहाला गाभाऱ्यात प्रार्थना. थंडी इतकी की श्वास दिसत होता. भिक्षू एका सुरात म्हणत होते, मला अर्थातच काही कळत नव्हतं, आवाज तेवढा छातीत घुमत होता. आणि शेवटाकडे ऐकू आलं: ग्याते ग्याते, हारा ग्याते, हारासो ग्याते, बोजी सोवाका.

सोवाका. स्वाहा! गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. आमच्याकडे होमात तूप सोडताना म्हणतात तोच शब्द. बाराशे वर्षं तो या भाषेच्या तोंडात घोळून असा गुळगुळीत झालाय. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी रडत असेन बहुधा.

मग ओकुनोइन, इथली जुनी दफनभूमी. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना आभाळात गेलेले सीडर आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून जास्त समाध्या. बऱ्याच समाध्या पाच दगडांच्या उतरंडी आहेत: खाली चौकोन, त्यावर गोल, मग छपरासारखा त्रिकोण, मग अर्धगोल, टोकाला कळी. प्रत्येक दगडावर एक अक्षर. शेवाळ इतकं दाट की बोटाने चाचपून बघावं वाटत होतं, पण समाधीला हात लावणं बरं वाटेना. कालच्या एकशेऐंशी अक्षरांपुढे ही पाचच, आणि प्रत्येक समाधीवर तीच. सरांनी कागदावर लिहून दिली होती, तो कागद हातात धरून खालून वर वाचत गेले. अ. व. र. ह. ख. पाचव्या-सहाव्या समाधीनंतर कागद खिशात ठेवला.

या देशात मी पहिल्यांदा काही वाचलं.

शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढत नाहीत. पलीकडे कूकाई अजून ध्यानात बसलेत अशी श्रद्धा आहे, रोज दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेतात. मी पुलावर नमस्कार केला आणि परत फिरले.

गाडीत बसण्याआधी आईला फोन लावला. तिला दगडांबद्दल सांगितलं, ती म्हणाली, अक्षरांचा अर्थ काय मग? मी सांगितलं, अ म्हणजे पृथ्वी, व पाणी, र अग्नी, ह वारा, ख आकाश.

"म्हणजे पंचमहाभूतं," आई म्हणाली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुन्हा एकदा म्हण, लिहून घेते."

तिला जिसोन-इनचंही सांगायचं होतं. ते फोनवर नको वाटलं. मार्चच्या सुट्टीत ती येणार आहे, तेव्हा तिला घेऊन आधी तिथेच जाईन आणि मग दोघी वर जाऊ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळेच्या वाटेवर, तांदळाच्या कापलेल्या शेतांना लागून, एक लहानशी दफनभूमी आहे. एप्रिलपासून रोज दोनदा तिच्या कडेने जाते. समाध्यांच्या मागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांवर काळ्या शाईने काहीतरी लिहिलेलं असतं. मला वाटायचं, त्यांच्या लिपीत नावं असतील.

आज सायकल थांबवून बघितलं. वरून खाली, तीच पाच. इकडे म्हणताना क्या, का, रा, बा, आ म्हणतात, सरांनी सांगितलं होतं. काही फळ्या नव्या, शाई अजून चकचकीत, काही पावसाने राखाडी पडलेल्या. वारा सुटला होता आणि फळ्या एकमेकींवर खटखट आपटत होत्या. पहिली घंटा होईपर्यंत मी एकेक वाचत उभी होते.