हळद दीड किलो

आजीच्या डायऱ्या म्हणजे कापसाच्या अडत्यानं दिवाळीला वाटलेल्या, वर लक्ष्मीचा फोटो अन् आत एका पानावर एक तारीख. आजी चौथी शिकलेली, अक्षर ठसठशीत पण ओळ उजवीकडे घसरत जाणारी, आणि लिहिणं इतकं कमी की अख्खं वर्ष अर्ध्या तासात वाचून होतं. मला वाटलं होतं मनातलं काहीतरी सापडेल, सासूबद्दल, आबाजीबद्दल, निदान दुखण्याखुपण्याबद्दल तरी. छे. 'मृग लागला. वाहन म्हैस.' म्हैस म्हणजे पाऊस चांगला, म्हणून पुढची पानं बघितली तर 'पाऊस नाही.' 'पाऊस नाही. हे वावरात.' 'पाऊस नाही.' आणि मग एकदम 'आला.' कोण आला ते लिहायची गरजच नाही.

जूनमधे मी पण तेच करते म्हणा, फक्त मोबाईलवर. उठल्या उठल्या पावसाच्या अंदाजाचं ॲप उघडायचं, सकाळी ८० टक्के, दुपारी ५५, संध्याकाळी ३०, आणि दारव्हा तालुक्यात कुठं पडला कुठं नाही याचे व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर येतच असतात. बाबा मात्र अजून मुंग्या अंडी घेऊन कुणीकडं चालल्या ते बघतात अन् ॲपपेक्षा फार काही जास्त चुकत नाहीत.

आजी लिहायची, 'नाल्याकडचं वावर पऱ्हाटी, मधात तूर. वरचं जवारी.' हेच आता २०२१ पासून ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या नोंदीच्या सरकारी ॲपमधे, भरावं लागतं, आणि नुसतं भरून भागत नाही, पिकात उभं राहून फोटो काढायचा, आपण खरंच त्याच गटात उभे आहो हे ॲपला पटलं पाहिजे. नाल्याकडच्या वावरात रेंज नाही. मग मी धुऱ्यावर हात वर करून उभी, चपलेला गाऱ्याचे हे एवढे गोळे, अन् बाबा लांबून ओरडतात, "गेलं का व?" वरच्या वावरातली जवारी तर कधीच गेली, तिथं आता सोयाबीन.

१९७२-७३ च्या डायरीत एक पान आहे, 'रेशनची मिलो आणली. भाकर जमत नाही, चिरते.' दुष्काळात अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिचं नाव काढलं तरी गावातले म्हातारे अजून तोंड वाकडं करतात. आजीचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे शकुंतलेनं, त्या छोट्या लाईनच्या गाडीनं मुर्तिजापूर, आणि चुलीवर भाकर अमेरिकेची.

लोक म्हणतात तेव्हाचं आयुष्य साधं होतं. साधं कसलं डोंबल्याचं! एका पानावर 'आज काही नाही' असं आहे, आईला विचारलं तर ती म्हणे, "काही नाई म्हंजे पहाटे जात्यावर दयण, इहिरीचं पानी, सडा, शेनपोटा, सैपाक, मंग दिवसभर निंदाले वावरात. काही नाई म्हंजे पाव्हने नाई आले." खरं सांगते, मला तिच्या जागी एक दिवस पण नको. माझं दळण चक्कीवर, पाणी नळाला (येईल तेव्हा), आणि दिवसभराचा हिशेब मोबाईल ठेवतो, रिचार्ज किती, किराणा किती, सगळं तारखेसकट. पण घरी कोण आलं कोण गेलं ते त्यात नसतं, आणि हिशेबाचं ते पान वर सरकवत बसायला कोणाला मजा येईल असं मला तरी वाटत नाही. आजीचं पान मात्र आई पुन्हा पुन्हा वाचून घेते, विशेषतः तिच्या लग्नाचं. 'सून आणली. हळद दीड किलो. पाऊस नाही.' एवढंच.

"दीड?" आई भडकलीच. "सव्वा किलो हयद होती, माह्यासमोर मोजली. अन् पाऊस नाई कसा? मांडोतून पानी गयत होतं, आत्याबाईच तर टोपले आडवे लावत होत्या." आत्याबाई म्हणजे तिची सासू, आजीच. मग थोडं थांबून, "साडीचं काही लिवलं का पाय बरं."

साडीचं काही नव्हतं. आबाजीनं वराडासाठी सांगितलेल्या बैलबंडीचं भाडं होतं, तेही दोन वेळा, खाली रेघ मारून.