बसू द्या, पण पटावर घेऊ नका

कोल्हापूर जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालायला लागतात. त्याच दिवसांत एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षकांसाठी आमचं बालहक्क आणि कायद्याचं प्रशिक्षण होतं. मी वकील आहे. कोर्टाचं काम सांभाळून अशी प्रशिक्षणं घेते, आणि शिक्षकांनी वर्गात कायदा कसा शिकवावा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. पाठ्यपुस्तकात मूलभूत हक्कांचा धडा असतो, मुलं हक्कांची यादी पाठ करतात, चार मार्क मिळतात, आणि आपल्यावर अन्याय झाला तर कुणाकडे जायचं हे दहावी झालेल्या मुलालाही सांगता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं २०११ साली मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा स्वीकारला. हक्कांची माहिती देण्याइतकंच, शिकवण्याच्या पद्धतीतही ते हक्क पाळले जावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शिकणाऱ्याला गप्प बसवून बोलण्याचा हक्क शिकवता येत नाही, एवढा साधा त्याचा अर्थ मी घेते.

म्हणून त्या दिवशी फळ्यावर एकही कलम न लिहिता मी आल्या आल्या एक प्रकरण वाटलं. पूजा, वय नऊ, चौथीतली मुलगी. आईवडील ऊसतोडीला आलेत. टोळी आणणाऱ्या मुकादमाचा ट्रक रात्री अचानक निघाला, त्यामुळे गावच्या शाळेतून दाखला घेतला नाही, आणि स्थलांतरित मुलांना नव्या शाळेत दाखवायला मिळतं ते शिक्षण हमी कार्डही नाही. फडाजवळच्या शाळेत आई तिला घेऊन गेली. मुख्याध्यापक म्हणाले, दाखला आणा, मग प्रवेश. प्रकरण इथंच थांबतं. पुढचं शिक्षकांनी करायचं. एका गटानं आईची बाजू मांडायची, दुसऱ्यानं मुख्याध्यापकांची आणि तिघांनी न्यायाधीश व्हायचं. कायद्याचा कागद मी मुद्दाम मागे ठेवला. पहिला निकाल स्वतःच्या न्यायबुद्धीनं द्यायचा, मग कायदा हातात घ्यायचा आणि निकाल टिकतो का ते पाहायचं, अशी ही रीत.

मुख्याध्यापकांची भूमिका करायला एक खरे मुख्याध्यापक उठले. निवृत्तीला आलेले, आवाज खणखणीत. आईच्या भूमिकेसाठी कुणी हात वर करेना. शेवटी मागच्या रांगेतल्या एक बाई पुढं आल्या. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, नोकरी इकडे, आंतरजिल्हा बदलीच्या रांगेत. त्यांनी पदर खोचला आणि बोलायला लागल्या ते थेट गावच्या बोलीत.

"सायेब, लेकरू कोपीत ठिवलं तर दिवसभर बारक्याला सांभाळतंय. साळंत घ्या म्हणते."

"दाखला कुठाय?"

"दाखला गावाला."

"मग जाऊन आणायचा की."

"रातभर यस्टीनं जायाचं, रातभर यायाचं. मधी साळंत एक दिस. तीन दिसाचा खाडा व्हतो. मुकादम उचलीतून कापतो, आन मी नसले तर कोयता अर्धा ऱ्हातो. तुमी भरून देता का?"

ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्या कोयत्यानं फेडायची असते. दोघांतलं एक जण गेलं तर हिशोब कसा फिरतो, हे कोल्हापूरच्या शिक्षकांनाही ऐकून माहीत होतं. पण दाखल्याच्या एका कागदाची किंमत तीन दिवसांच्या मजुरीत कुणी मोजली नव्हती. बाईंनी ती मोजून दाखवली.

मुख्याध्यापकांच्या बाजूनंही चांगली झुंज दिली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. अशा खेळात एक पक्ष खलनायक झाला की शिकण्यासारखं काही उरत नाही. त्यांचे वकील झालेले तरुण गुरुजी म्हणाले, "मॅडम, जुन्या शाळेनं विनंती मान्य केल्याशिवाय विद्यार्थी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नाव इकडं येत नाही. नाव नाही तर पोषण आहाराचा तांदूळ कुठल्या हिशोबात दाखवायचा? उद्या तपासणीला साहेब आले की दोन ताटं जास्त का, हे मुख्याध्यापकालाच विचारणार." हे सगळं खरं आहे. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. म्हणाले, ही शाहू महाराजांची भूमी. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. म्हणजे जबाबदारी पालकांची. यांनी निघताना दाखला घ्यायला हवा होता. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

न्यायाधीश कोपऱ्यात जाऊन पाच-सात मिनिटांत निकाल घेऊन आले. निकाल एकमतानं: माणुसकीच्या दृष्टीनं मुलीला वर्गात बसू द्यावं, पण दाखला येईपर्यंत नाव पटावर घेऊ नये.

सगळ्यांना तो पटला. दोन्ही पक्षांना पटला. आईची बाजू मांडणारेही म्हणाले, बरोबर आहे, लेकरू बसतंय ना वर्गात. बहुतेक शाळांत असंच चालतं, आणि ते वाईट हेतूनं चालत नाही. मायेनं चालतं. म्हणूनच त्यावर बोट ठेवणं अवघड असतं.

मग मी कागद वाटले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९. १ एप्रिल २०१० पासून लागू. जोडीजोडीनं वाचायचा आणि निकालातलं कुठलं वाक्य कुठल्या कलमाला अडतं ते शोधायचं. पहिला आवाज खिडकीकडून आला: "ओ, कलम पाच बघा की!" मूल कोणत्याही कारणानं राज्यात किंवा राज्याबाहेर गेलं तर त्याला दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, आणि दाखल्याला उशीर झाला या कारणावरून प्रवेश लांबवता येत नाही, नाकारताही येत नाही. त्याच कलमात पुढं आहे की दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे वाचल्यावर एकदम गलका झाला. पाठोपाठ कलम ९ सापडलं. त्यात स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळतो हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही.

शाहू महाराजांचा मुद्दा मांडणाऱ्या गुरुजींना मी कलम ८ मोठ्यानं वाचायला सांगितलं. सक्तीचं शिक्षण म्हणजे शासनावरची सक्ती, अशी त्यात व्याख्याच आहे. पालकांचं कर्तव्य कलम १० मध्ये आहे, पण ते मोडलं तर शिक्षा लिहिलेली नाही. महाराजांच्या काळात, शाळेकडे पाठ फिरवलेल्या समाजाला वर्गापर्यंत आणायला दंड लागला. इथं तर आई स्वतः मुलीचा हात धरून दारात उभी आहे. गुरुजींनी ते कलम दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, मी माझा युक्तिवाद मागं घेतो."

खरा वाद पुढंच झाला. एक मॅडम उठल्या: "पण बसू दिलंय ना? फरक काय पडतो?" उत्तर मी दिलं नाही, फळ्यावर दोन रकाने आखले, पटावर असलेलं मूल आणि नुसतं बसलेलं मूल, आणि भरायला त्यांनाच सांगितलं. या कामात त्यांच्याइतका जाणकार कोण? पाठ्यपुस्तकं, गणवेश, पोषण आहार, हजेरी, मूल्यमापनाच्या नोंदी, आरोग्य तपासणी. एकेक ओळ तेच सांगत गेले आणि दुसरा रकाना रिकामा पडत गेला. हंगाम संपून पूजा गावी जाईल तेव्हा इथं शिकलेल्या पाच महिन्यांचा एकही कागद तिच्याकडे नसेल. तिकडची शाळा म्हणणार, पोरगी गैरहजर होती. मुख्याध्यापक बदलले, किंवा वर्गावर दुसरे गुरुजी आले, तर "बस बाळ" म्हणणारंही कुणी राहणार नाही. नाव पटावर असेल तर मात्र तिला कुणाच्या स्वभावावर अवलंबून राहावं लागत नाही.

एवढ्यात ते मुख्याध्यापक, भूमिकेतले आणि खरेही, उभे राहिले. त्यांच्या शाळेत तेव्हा अशी तीन मुलं बसत होती. वही-पेन्सिल गुरुजींनी स्वतःच्या खिशातून दिली होती, डबा दुसऱ्या मुलांच्या ताटातून निघत होता. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात समाधान होतं आणि ते रास्तही होतं. मग त्यांनी विचारलं, "दाखल्याच्या रकान्यात काय लिहायचं?"

कायदा शिकवताना मी अशाच प्रश्नाची वाट बघत असते. हाच कायदा मी व्याख्यानातून सांगितला असता तर कलम ५ पाच मिनिटांत संपलं असतं, सगळ्यांनी लिहून घेतलं असतं, आणि रजिस्टरचा रकाना कुणालाच आठवला नसता. स्वतः दिलेला निकाल स्वतःच्या हातानं मोडावा लागला, म्हणून प्रश्न तिथवर पोचला.

दुपारच्या सत्रात याच प्रकरणावरून सातवीसाठी तासिका आखायची होती. गटकार्य उत्तम झालं, त्याचं वर्णन करत नाही. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. एका गटानं सुचवलं की वर्गात ऊसतोड कामगाराची मुलगी असेल तर पूजाची भूमिका तिलाच द्यावी, ती मनापासून करेल. मी तिथं थांबवलं. ज्या मुलावर वेळ आलेली आहे त्याला तीच भूमिका कधीही द्यायची नाही. बाकीची मुलं खेळ संपल्यावर जागेवर जाऊन बसतात, तिचा मात्र संपत नाही, उलट सगळ्या वर्गासमोर उघडा पडतो. प्रकरण बदला, गाव बदला, वीटभट्टी घ्या नाहीतर मेंढपाळाचं मूल घ्या, आणि त्या मुलीला हवं तर न्यायाधीश करा. सहभागी पद्धतींचं कौतुक करताना हा भाग बऱ्याचदा राहून जातो. मला तो पद्धतीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

समारोपाला तालुक्याचे अधिकारी आले तेव्हा शिक्षकांनीच त्यांना गाठलं. कायद्यात कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीची सोय आहे, पण तिचा निर्णय द्यायला तीन महिन्यांची मुदत. हंगाम साधारण पाच महिन्यांचा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत टोळी निम्म्याच्या पुढं गेलेली असते. तेव्हा तक्रार होण्याआधीच शाळेनं काय करायचं ते लेखी द्या, अशी त्यांची मागणी होती. अधिकारी म्हणाले, रजिस्टरला त्याच दिवशी नोंद करा, पोर्टलची विनंती मागाहून जाऊ दे. लेखी देतो असंही म्हणाले. मी हे लिहीपर्यंत तसं पत्र निघाल्याचं मला कळलेलं नाही.

मग उरलेल्या वेळात आम्ही जुन्या शाळेला पाठवायच्या पत्राचा मसुदा केला: अमुक विद्यार्थिनीस कलम ५ अन्वये अमुक तारखेस प्रवेश दिला आहे, दाखला तात्काळ पाठवावा. सगळ्यांनी तो उतरवून घेतला आणि खुर्च्या सरकायला लागल्या. तेवढ्यात बीडच्या बाई म्हणाल्या, पत्र अर्धं आहे. पोरं मार्च-एप्रिलमध्ये परत जातात, तेव्हा त्यांना दाखला इकडून लागणार, आणि ट्रक तेव्हाही रात्रीच निघणार. लोक पुन्हा बसले आणि खाली दुसरा परिच्छेद घातला: हंगामाच्या अखेरीस, पालकांनी मागणी करण्याची वाट न पाहता, दाखला, हजेरीचा तपशील आणि मूल्यमापनाची नोंद तयार करून विद्यार्थिनीच्या दप्तरात देण्यात येईल. "पालकांकडे" असं आधी लिहिलं होतं. दप्तरात हा शब्द बाईंनी घालायला लावला, कारण कोपी मोडताना बाकी सामान इकडंतिकडं होतं, पण पोरं दप्तर सोडत नाहीत.