तुम्ही विचारलंत म्हणून: मिशी इतक्या उशिरा का आली

निपाणीला गेलो की कुणीतरी विचारतंच, 'तेविशीपर्यंत पोरसवदा हुतास, मग एकदम मिशी कुठनं आली रं?' आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो.

खाण्यापिण्यात कमी नव्हतं. कुणाची नजर लागली नव्हती. वैद्यांची चूर्णं झाली, तालीम झाली. 'उशिरा वाढंल, थांबा,' असं डॉक्टरही म्हणायचे, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरंच असतं.

बेळगावच्या एका डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, 'वास येतो का?' मला रागच आला. निपाणीच्या माणसाला हा प्रश्न? घरामागं तंबाखूची वखार. हंगामात पोती हलली की अख्खी गल्ली शिंकते, मीही शिंकतो. त्यांनी डोळे मिटायला लावले. 'हे काय?' मला वाटलं, अजून काही धरलंच नाही. डोळे उघडले तर नाकाखाली कॉफी पावडर. मग साबण. तेच. आई म्हणाली, 'अरे, नीट ओढ की श्वास.' ओढला. पुन्हा ओढला. तिनं ती पुडी स्वतःच्या नाकाला लावून बघितली. तंबाखू झोंबते ती वेगळ्या नसेमुळं. झोंबणं म्हणजेच वास असं मी जन्मभर धरून चाललो होतो. लोक मोगरा कशाला हुंगतात, ते त्या खुर्चीत कळलं.

आजाराचं नाव कालमन सिंड्रोम. वयात येण्याचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सुटतो. तिथल्या पेशी जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून सोडतात, त्यानं पिट्युटरी ही मेंदूखालची ग्रंथी जागी होते आणि वृषणांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवायला लावते. पण या पेशींचा जन्म नाकाशी. गर्भातच त्या वासाच्या नसांच्या आधारानं मेंदूकडं जातात. त्या प्रवासाला लागणारं एक जनुक, एएनओएस-१, १९९१ साली एक्स गुणसूत्रावर सापडलं. माझ्या पेशी वाटेतच राहिल्या. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली, आवाज फुटला, मिशी आली. ती इंजेक्शनं अजून चालू आहेत.

एक्सवरचा दोष मुलाला आईकडून येतो, हे कळल्यावर घरातल्या नजरा आईकडं वळल्या. माझा खानापूरचा मामा बिनमिशीचा, बिनलग्नाचा गेला. त्याला वास यायचा का, हे आईला आठवत नाही. किंवा सांगायचं नाही. माझ्या जनुक तपासणीत काहीच निघालं नाही, आणि अशा बऱ्याच रुग्णांत निघत नाही. मग आईला कशाला मध्ये ओढतोस, असं स्वतःलाच विचारतो. खरं सांगू? मामालाही हेच असावं असं मला हवंसं वाटतं. एकट्याला कंटाळलोय.

पुढचा प्रश्न पोराबाळांचा असणार. त्यासाठी वेगळी इंजेक्शनं असतात, अनेकांना गुणही येतो. बायकोला लग्नाआधीच सगळं सांगितलंय. तुम्हाला बारशाचं आमंत्रण आलं तर या, नाही आलं तर विचारू नका.