तयार डेस्कटॉप की स्वतः जोडलेला? आधी एसएमपीएसचा प्लग पाहा

दादाच्या कचेरीतला ब्रँडेड डेस्कटॉप चौथ्या वर्षी, वॉरंटी संपून गेल्यावर, एका सकाळी सुरूच होईना. बटण दाबले की पंखा क्षणभर फिरायचा आणि थांबायचा. अशी लक्षणे बहुतेक वेळा एसएमपीएसची, म्हणजे घरातली वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी करून देणाऱ्या डबीची, असतात, आणि माझ्या कपाटात चालू स्थितीतला एक जुना एसएमपीएस पडून होता. त्यामुळे अर्ध्या तासात मशीन चालू करून देते, असे मी दादाला छातीठोकपणे सांगितले. कॅबिनेटचे झाकण काढल्यावर शब्द मागे घ्यावे लागले. माझ्या एसएमपीएसच्या मुख्य प्लगला २४ पिना होत्या आणि त्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य बोर्डावर, अशा प्लगला जागाच नव्हती. तिथे सहा पिनांचे एक चिमुकले सॉकेट होते. हार्ड डिस्कला वीज एसएमपीएसमधून न येता बोर्डातूनच निघालेल्या वायरीने येत होती. एसएमपीएसची डबीही नेहमीपेक्षा अरुंद होती, म्हणजे प्लग जुळवणारी वायर मिळवली असती तरी माझा एसएमपीएस त्या खाचेत बसला नसता. अखेर त्याच मॉडेलचा वापरलेला एसएमपीएस शोधून मागवला. तो हातात पडायला आठ दिवस लागले आणि तेवढे दिवस दादा हिशेबाचे काम उसन्या लॅपटॉपवर करत होता.

ब्रँडेड डेस्कटॉप घ्यावा की सुटे भाग आणून आपणच जोडावा, हे मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारते, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुधा किंमत असते. मशीन बंद पडेल त्या दिवशी कोण धावून येणार आणि त्याच्या हाताशी कोणता भाग असणार, हे कोणी विचारत नाही. माझा स्वतःचा निर्णय मात्र याच प्रश्नावर ठरतो.

घरी संगणक जोडता येतो तो मुळात भाग एकमेकांना जुळतात म्हणून. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांपासून बनवला आणि त्याची बरीचशी तांत्रिक माहिती खुली ठेवली, त्यामुळे इतरांना त्याला जुळणारे भाग काढता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण आणले. मदरबोर्डचा आकार जास्तीत जास्त ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोके कुठे, मागच्या पोर्टांची चौकट कुठे, विजेचा प्लग कसा, हे त्यात ठरवून दिलेले आहे. मूळचा २० पिनांचा प्लग पुढे २४ पिनांचा झाला, २४४ मिलिमीटरचा चौरस मायक्रो-एटीएक्स बोर्ड आला, तरी भोकांची जागा तीच राहिली. म्हणूनच जुन्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड निमूटपणे बसतो.

ब्रँडेड मशीन बनवणाऱ्यांवर या प्रमाणाची सक्ती नाही. एकाच मॉडेलची प्रचंड संख्येने निर्मिती करायची असेल, तर एसएमपीएसमधून फक्त १२ व्होल्ट बाहेर काढावेत आणि ५ व ३.३ व्होल्ट मदरबोर्डवरच तयार करावेत, हे सोयीचे पडते; वायरी कमी होतात, कॅबिनेट आटोपशीर होते आणि मशीन नुसते बसून असताना वीजही कमी वाया जाते. यात केवळ लबाडी आहे असे म्हणता येणार नाही, कारण इंटेलनेही पुढे याच विचाराचे, दहा पिनांच्या प्लगचे एटीएक्स१२व्हीओ हे प्रमाण काढले. माझी तक्रार वेगळी आहे. ज्याने त्याने आपला प्लग निराळा ठेवला, आणि खरेदीच्या वेळी तो आपल्याला कोणी दाखवत नाही.

किंमतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या हिशेबाचे उत्तर टिकत नाही. २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांची, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या कार्डांची, इतकी टंचाई झाली की सुटे कार्ड मिळणे मुश्कील होते, आणि तेच कार्ड आत असलेले तयार मशीन घेणे अनेकांना परवडले. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, आणि सुट्या भागांची यादी करून ठेवलेल्यांना ती यादी पुन्हा करावी लागली. त्यामुळे असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेले, मशीन नेहमीच स्वस्त पडते, हे जुन्या काळचे वाक्य आता कोणी ठामपणे सांगू नये. तुलना करताना विंडोजचा परवानाही हिशेबात धरायला हवा. तयार मशीनसोबत येणारा परवाना त्या मशीनच्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला किरकोळ परवाना पुढच्या मशीनवर नेता येतो.

तयार मशीनच्या जाहिरातीत जे लिहिलेले नसते, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. जाहिरातीत प्रोसेसरचे घराणे ठळक असते, पण ‘आय-सेव्हन’ एवढ्याने काहीच कळत नाही. कितव्या पिढीचा आहे आणि नावाच्या शेवटी कोणते अक्षर आहे, हे विचारावे लागते, कारण शेवटी ‘टी’ असलेला प्रोसेसर ३५ वॉटच्या मर्यादेत चालण्यासाठी बनवलेला असतो. रॅमचेही तसेच आहे. सोळा जीबी म्हणजे सोळा जीबीची एक पट्टी की आठ-आठच्या दोन, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी दर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती देऊ शकते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की रॅम आणि प्रोसेसर यांच्यातले दोन्ही मार्ग एकदम चालतात आणि तो आकडा ५१.२ होतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरायचे असेल, तर हा फरक खेळांत उघड दिसतो. हिशेबाच्या कामात तो जाणवणार नाही, हेही तितकेच खरे. दादाच्या मशीनमध्ये आठ जीबीची एकच पट्टी होती. मी तशीच दुसरी बसवली. त्याने फरक पडला तो मुख्यतः रॅम दुप्पट झाल्यामुळे. वाढलेल्या वेगाला त्याचे श्रेय देण्याचा मोह मी आवरला.

आता दुसरी बाजू. मी पहिले मशीन जोडले तेव्हा सगळे भाग टेबलावर मांडून, मदरबोर्डाची पुस्तिका दोनदा वाचून बसले होते. चार तासांनंतर सगळे स्क्रू आवळले, कॅबिनेट उभे केले, आणि मागे पाहते तो पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी टेबलावरच राहिलेली. ती पट्टी बोर्ड बसवण्याआधी आतून लावायची असते, म्हणजे बोर्ड पुन्हा बाहेर काढणे आले. ते केल्यावर पुढच्या बटणांच्या वायरी लावल्या. नऊ पिनांचा तो झुबका, त्यावर बोटाच्या नखाएवढे प्लग, आणि अक्षरे इतकी बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावी लागली. स्विचच्या वायरीला उलटसुलट नसते, दिव्याच्या वायरीला असते, हे तेव्हा कळले. मग बटण दाबले. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. तासभर रॅम काढून-घालून झाल्यावर लक्षात आले की बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी आठ पिनांचे वेगळे विजेचे सॉकेट असते आणि त्यात मी काहीच लावलेले नव्हते. पंखे फिरतात म्हणजे वीज सगळीकडे पोचते आहे, हा माझा समज तिथे संपला.

दुसऱ्या मशीनच्या वेळी यातले काहीही चुकले नाही, म्हणून वेगळेच चुकले. ते मशीन डीडीआर५ या डीडीआर४ नंतरच्या पिढीच्या रॅमचे होते. पहिल्यांदा चालू केले तेव्हा पडदा काळा आणि बोर्डावर रॅमच्या नावापुढचा छोटा दिवा पेटलेला. दोन मिनिटे वाट पाहून बंद केले, पट्ट्या काढून पुन्हा घातल्या, चालू केले, तेच. पट्टी खराब निघाली असे गृहीत धरून मी बदलून घेण्याची तयारी सुरू केली आणि त्या गडबडीत मशीन चालूच राहिले. काही मिनिटांनी मागे वळून पाहिले तर पडद्यावर बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना चालणारा बोर्डातला मूळ प्रोग्रॅम, उघडलेले होते. डीडीआर५ रॅम बसवल्यावर पहिल्या वेळी बोर्ड प्रत्येक पट्टीशी संदेशांची वेळ जुळवून पाहतो आणि त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. मी दर वेळी त्याला मध्येच तोडत होते. ब्रँडेड मशीनमध्ये ही वाट पाहण्याचे काम आपल्याआधी कारखान्यात कोणीतरी केलेले असते. तयार मशीनच्या किंमतीत जोडणीचे म्हणून जे पैसे असतात, ते याचे असतात, आणि ते अगदीच वाया जात नाहीत.

वॉरंटीचा मामला मात्र जोडताना कोणी नीट समजावून सांगत नाही. असेंबल्ड मशीनमधल्या प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, आणि कित्येकदा ती ब्रँडेड मशीनपेक्षा लांबही असते. चांगल्या एसएमपीएसवर सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी मिळते, आणि रॅमवर अनेक कंपन्या आजीवन वॉरंटी देतात. पण सबंध मशीनची वॉरंटी कोणाचीच नसते. माझे मशीन मध्यंतरी आठवड्यातून एकदा तरी गोठायचे. रॅमवाल्यांनी बोर्डाकडे बोट दाखवले, बोर्डवाल्यांनी रॅमकडे. शेवटी एकेक पट्टी एकटी ठेवून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला, तेव्हा दुसऱ्या पट्टीवर लाल ओळी आल्या आणि त्या ओळींचा फोटो पाठवल्यावर पट्टी मुकाट बदलून मिळाली. निदान आपण करायचे, पुरावा आपण गोळा करायचा, दार आपण ठोठावायचे. मला हे करायला आवडते. दादाला ते करायला लावणे अन्याय ठरेल, कारण त्याच्या कामाला ठरलेल्या तारखा असतात आणि त्याला एकच फोन करून माणूस जागेवर यायला हवा असतो.

असेंबल्ड मशीन पुढे वाढवता येते, हे दुसरे नेहमीचे वाक्य. ते अर्धे खरे आहे. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीचे एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, २०१६ मध्ये आले आणि त्या सुरुवातीच्या काळातल्या अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत करून पुढे रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसवता आले; तसे भाग्य सगळ्या सॉकेटांना लाभत नाही. इंटेलच्या एलजीए १७०० या सॉकेटवर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालल्या आणि २०२४ मध्ये नवे सॉकेट आले. माझ्या पहिल्या मशीनचा प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकदमच गेले, कारण डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत जात नाही. पिना दोन्हीकडे २८८ असल्या तरी मधली खाच सरकलेली असते. टिकले ते कॅबिनेट, पंखे आणि एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी वापरायची वेगवान साठवण. एसएमपीएसही ठणठणीत होता, पण नव्या ग्राफिक्स कार्डाला जास्त वॉट लागत होते म्हणून तो कपाटात गेला, तोच हा दादाकडे नेलेला. म्हणून यादी करताना काटछाट कुठेही करावी, एसएमपीएसवर करू नये, असे माझे मत झाले आहे. त्यावरचे ८० प्लस हे चिन्ह एवढेच सांगते की ठरावीक भारांवर घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज पुढे पोचते. बनावट कशी आहे, शॉर्ट झाल्यावर तो स्वतःला सावरतो का, हे त्या चिन्हावरून कळत नाही.

कचेऱ्यांतून निघालेली, डागडुजी केलेली ब्रँडेड मशीन हाही एक पर्याय आहे, पण तिथेही प्लगचा प्रश्न तोच. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि पुरेसा नवा प्रोसेसर त्यात आहे का, हे घेण्याआधी तपासावे लागते.

गेल्या महिन्यात दादाला दुसऱ्या टेबलासाठी आणखी एक डेस्कटॉप हवा होता. ‘तू जोडून देतेस का?’ असे त्याने विचारले. मी नाही म्हटले. जोडायचा कंटाळा नव्हता. तो बिघडला असता तर दादाने मलाच फोन केला असता, आणि मी त्या दिवशी गावाला असते तर त्याने काय करायचे? ब्रँडेडच घे, कचेरीच्या वापरासाठीच्या मालिकेतले घे, जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी तीन वर्षांची घे, असे सांगून मी त्याला विक्रेत्याला विचारायचे चार प्रश्न लिहून दिले. प्रोसेसर कितव्या पिढीचा? रॅमची पट्टी एक की दोन, आणि खाच किती मोकळ्या? दुसरी एसएसडी बसवायला जागा आहे का? एसएमपीएसचा मुख्य प्लग किती पिनांचा?

पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच दिवशी आली. चौथ्याचे उत्तर ‘कंपनीचा ओरिजिनल आहे, काळजी करू नका’ असे आले, तेव्हा दादाने तोच प्रश्न पुन्हा पाठवला आहे.