लाइट आली तरी रंधा मशीन गप्प राहिलं पाहिजे

इंग्लंडमधल्या सुतारकामाच्या शेडमध्ये लाइट जाऊन परत आली तरी रंधा मशीन आपणहून फिरत नाही, हिरवं बटन पुन्हा दाबावंच लागतं. इथल्या १९९८ च्या नियमांनुसार यंत्र कोणत्याही कारणाने थांबलेलं असो, ते पुन्हा सुरू होण्यासाठी माणसाने मुद्दाम काहीतरी करावं लागतं. त्यासाठी मशीनवर नो-व्होल्ट स्विच असतो, म्हणजे लाइट गेली की स्वतःच बंद होणारा आणि बटन दाबेपर्यंत बंदच राहणारा स्विच. आपल्याकडे लातूर, नांदेड, जालन्यात तो स्विच बिघडला की दोन वायरी जोडून मशीन ‘डायरेक्ट’ करतात.

हे मनाला फार लागतं, कारण इंग्लंडमध्ये लाइट जातेच कितीशी? या स्विचची खरी गरज मराठवाड्याला आहे. लाइट गेली म्हणून मिस्त्री कटरब्लॉकमध्ये (पाती बसवलेल्या फिरत्या रुळात) अडकलेला भुसा बोटांनी काढायला घेतो, तेवढ्यात लाइट येते आणि डायरेक्ट केलेलं मशीन सुरू होतं. कटरब्लॉक मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

पण इंग्लंडमध्ये बसून आपल्या वायरमनला नावं ठेवणं मला पटत नाही. डायरेक्ट करण्यामागे कारण असतं. स्विचच्या आत कॉन्टॅक्टर असतो, त्याची कॉईल चुंबकासारखी कॉन्टॅक्ट ओढून धरते. व्होल्टेज तिच्या ठरलेल्या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत घसरलं तरी ती खात्रीने ओढते, त्याखाली खात्री नाही. २३० ची कॉईल असेल तर हा आकडा साधारण १९५ व्होल्ट. संध्याकाळी गावात १७० व्होल्ट येत असतील तर कॉईल थरथरते, सोडून देते, आणि दोष स्विचवर येतो. खरं तर स्विच बरोबर सांगत असतो. मोटारीची ओढ, म्हणजे फिरवण्याची ताकद, व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० च्या जागी १८० मिळाले तर ओढ साठ टक्क्यांच्या आसपासच उरते. अशा वेळी डायरेक्ट केलेली मोटार नुसती घूं करत तापते आणि जळते.

म्हणून मशीन चालू व्हईना, तर स्क्रूड्रायव्हरच्या आधी मल्टिमीटर घ्या. इंग्लंडमध्ये पहिली नजर प्लगकडे जाते, कारण इथल्या नेहमीच्या तीन पिनांच्या प्लगच्या पोटात वेगळा फ्यूज असतो. १३ अँपिअरच्या जागी कुणी ३ चा घातला असेल तर मशीन सुरू होतानाच तो उडतो. आपल्याकडे तो प्रकार नाही, तेव्हा बोर्डावरचा एमसीबी (जास्त करंटने पडणारा स्विच) बघा आणि मग मशीनच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बटन दाबतानाचा आकडा बघायचा, नुसता बसल्या जागचा नाही. एक्स्टेंशनची वायर १ चौरस मिलिमीटरची आणि ३० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन तिचा रोध १.१ ओहमच्या आसपास होतो. सुरू होताना मोटारीने ५० अँपिअर ओढले की ५५ व्होल्ट वायरीतच खर्च झाले. तिथे २.५ ची वायर लागते, आणि ती शक्य तितकी आखूड ठेवावी.

आता स्विच. उघडायच्या आधी मेन बंद करा. (इथे मेनला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवतात. त्याला कुठलंही परदेशी सामान लागत नाही, उद्यापासून उदगीरमध्येही करता येईल.) छोट्या मशीनवरच्या स्विचमध्ये हिरवं बटन दाबून धरलं की मोटार चालते आणि सोडलं की थांबते, असं होत असेल तर मुख्य कॉन्टॅक्ट ठीक आहेत, कॉईल किंवा तिची वायर गेली आहे. डीओएल स्टार्टरमध्ये (मोठ्या मोटारीचा, वेगळ्या डब्यातला स्टार्टर) याच लक्षणाचा अर्थ वेगळा. तिथे कॉईल चांगली असते आणि तिला धरून ठेवणारा जोडकॉन्टॅक्ट खराब असतो. बटन दाबूनही काहीच होत नसेल तर ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटार तोडणारा) रिसेट करा, मग मेन बंद ठेवूनच कॉईलच्या ए१ आणि ए२ या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. मीटर ओपन (आत तार तुटलेली) दाखवत असेल तर कॉईल जळली. पुष्कळदा काहीच जळलेलं नसतं. सागाचा बारीक भुसा कॉन्टॅक्टच्या मध्ये बसलेला असतो, तो ब्रशने काढला की काम होतं. फुंकणीने उडवू नका, आणखी आत जातो. नवा स्विच घेताना कॉईलवर जुन्या कॉईलवरचंच व्होल्टेज (सिंगल फेजला २३०) आणि ५० हर्ट्झ लिहिलेलं बघूनच घ्या.

प्लेनर-थिकनेसर (रंधा मारणारं आणि जाडी एकसारखी करणारं) एकत्र असलेल्या मशीनमध्ये टेबल किंवा भुशाचं झाकण जागेवर बसलं नाही की छोटा लिमिट स्विच सर्किट तोडतो. मशीन पूर्ण मेल्यासारखं वाटतं. झाकण दाबल्यावर ‘टिक’ ऐकू येतं का बघा.

मोटार घूं करते पण फिरत नाही, हे दुखणं वेगळं. मेन बंद, पट्टा सैल, आणि पुली हाताने फिरवा. अडत असेल तर बेअरिंग किंवा अडकलेली ढलपी. मोकळी फिरत असेल तर सिंगल फेजच्या मोटारीत बहुधा कपॅसिटर (मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा डबा). त्याला हात लावण्याआधी १०० वॅटच्या बल्बच्या दोन वायरी टेकवून तो रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, कपॅसिटर फुटतो. मोजलेली किंमत डब्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरली तर बदला. नवा त्याच मायक्रोफॅरडचा, आणि व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. स्टार्टिंग कपॅसिटर पुन्हा पुन्हा जात असेल, तर मोटारीने वेग घेतल्यावर तो कपॅसिटर तोडणारा, मागच्या कव्हरखालचा सेंट्रिफ्यूगल स्विच बहुधा चिकटलेला असतो.

थ्री फेजमध्ये दोन-दोन फेजच्या तिन्ही जोड्यांमधलं व्होल्टेज मोजा. एक फेज गेलेला असताना बटन दाबत बसलं की वाइंडिंग (मोटारीतले तारेचे वेढे) गेलंच. एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा आणि ओव्हरलोडचा आकडा मोटारीवरच्या माहितीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवा, वर नाही.

ही पट्टी नीट वाचा. बहुतेक मोटारी ४० अंशांच्या हवेसाठी बनतात. मे महिन्यात परभणी-नांदेडला पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्या वर जातो. तेव्हा दुपारी ट्रिप होणारी मोटार बिघडलेली असेलच असं नाही, कूलिंग फॅनच्या जाळीवरचा भुसा काढा आणि जाड काप दोन-तीन पासमध्ये घ्या. इंग्लंडमध्ये याच्या उलट, थंड गॅरेजमधली ओल वाइंडिंगमध्ये शिरते. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर आधी वाळवायचं, आपल्याकडेही पावसाळ्यानंतर हे करावं.

मोटार खरोखर जळली असेल तर मात्र मला आपल्याच गावचा अभिमान वाटतो. इंग्लंडमध्ये छोटी मोटार भरून (नवं वाइंडिंग करून) घेण्यापेक्षा नवी स्वस्त पडते, म्हणून जुनी भंगारात जाते. आपला रिवाइंडिंगवाला जळक्या वाइंडिंगचे फेरे मोजतो, तारेचा गेज मायक्रोमीटरने घेतो आणि तीच मोटार पुन्हा उभी करतो. त्याच्याकडे नेताना जोडणीचा फोटो काढून न्या, बेअरिंगही नवीन टाकायला सांगा, आणि वार्निश पूर्ण वाळल्याशिवाय घाई करू नका. परत आल्यावर पट्टा न चढवता चालवून अँपिअर मोजा. थ्री फेजमध्ये तिन्ही आकडे जवळपास सारखे आले, की पट्टा चढवा.